खटल्यापूर्वीची सुटका आणि पायातील यंत्र

एखाद्या व्यक्तीवर गुन्ह्याचा आरोप येतो, तिला अटक होते आणि न्यायालयापुढे उभे केले जाते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत काही महिने, कधी काही वर्षेही जातात. या मधल्या काळात त्या व्यक्तीने कोठे राहावे, हा फौजदारी न्यायाच्या व्यवस्थेतील अत्यंत जुना आणि अत्यंत अवघड प्रश्न होय. तिला तुरुंगात ठेवावे, तर ज्याचा दोष अद्याप सिद्ध झालेला नाही अशा माणसाला आपण शिक्षेआधीच शिक्षा भोगावयास लावतो. तिला मोकळे सोडावे, तर ती पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दडपण आणील किंवा फिर्यादीला इजा करील, अशी भीती समाजाच्या मनात राहते. या दोन टोकांमधील मार्ग म्हणजे जामीन.

गेल्या चार दशकांत जगातील अनेक देशांनी या मार्गावर एक नवे साधन आणले आहे. आरोपीच्या घोट्याला एक लहानसे यंत्र बांधावयाचे आणि तो कोठे आहे, हे त्या यंत्राकरवी अधिकाऱ्यांनी दुरून पाहात राहावयाचे. यालाच इलेक्ट्रॉनिक देखरेख असे म्हणतात. आपल्या देशातही हे साधन आता केवळ कल्पनेतले राहिलेले नाही. त्यामुळे ते काय आहे, त्याचे गुण-दोष कोणते आणि घटनेच्या चौकटीत त्याला कितपत स्थान आहे, याचा परिचय प्रशासनातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांना असणे आवश्यक आहे.

जामिनामागील तत्त्व

दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक आरोपी निर्दोष मानला जावा, हे आपल्या न्यायपद्धतीचे मूलतत्त्व आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ अन्वये कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे जामीन ही मेहेरबानी नसून न्यायाचा एक अविभाज्य भाग आहे, हे ध्यानात येते.

१९७७ साली राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, असे सूत्र घालून दिले. पुढल्याच वर्षी, १९७८ मध्ये, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासमोर एका गरीब गवंड्याचा प्रश्न आला. त्याला जामीन मंजूर झाला होता. परंतु दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याच्या कारणावरून नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द करून एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली. ज्याच्याजवळ घर नाही, जमीन नाही, ऐपतीचा दाखला नाही, त्याच्यासाठी जामिनाचा हुकूम हा कागदच राहतो, हे सत्य या निकालाने देशासमोर मांडले.

१९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती उघडकीस आली. ज्या गुन्ह्याचा आरोप होता त्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ काहीजण खटल्याविना कोठडीत होते. शीघ्र न्यायचौकशीचा हक्क हा अनुच्छेद २१ मध्येच अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले.

या निकालांना जवळजवळ अर्धे शतक लोटले. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शेकडा ७५.८, हे कच्चे कैदी होते. तुरुंगांची क्षमता शंभर धरली तर त्यांत १३१ माणसे राहात होती. दर चार बंदिवानांपैकी तीन जणांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता, असा याचा सरळ अर्थ होय. इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा विचार याच पार्श्वभूमीवर पुढे आला आहे.

यंत्राचा जन्म

या साधनाचा उगम अमेरिकेतील आहे. १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित राल्फ आणि रॉबर्ट श्विट्झगेबेल या जुळ्या बंधूंनी अंगावर बाळगता येईल असे संदेश देणारे यंत्र तयार केले. त्यासाठी त्यांनी लष्कराची निरुपयोगी ठरलेली सामग्री वापरली. १९६९ साली या पद्धतीचे पेटंट नोंदले गेले. त्यांचा हेतू शिक्षा करणे हा नव्हता. वाट चुकलेल्या तरुणांशी सतत संपर्क ठेवावा, ते वेळेवर शाळेत किंवा कामावर पोचले तर त्यांना शाबासकी द्यावी आणि अशा रीतीने त्यांना चांगल्या सवयी लावाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. पुढे त्याच यंत्राचा उपयोग प्रामुख्याने नजर ठेवण्यासाठी झाला, ही इतिहासातील एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

न्यायालयाच्या हुकुमाने या यंत्राचा पहिला वापर १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे झाला. तेथील न्यायाधीश जॅक लव्ह यांना वर्तमानपत्रातील स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांच्या आग्रहावरून एका तंत्रज्ञाने घोट्याला बांधावयाचे यंत्र बनविले आणि परिवीक्षेच्या अटी मोडणाऱ्या एका माणसाला तुरुंगाऐवजी ते एक महिन्यासाठी लावण्यात आले. त्यानंतर काही वर्षांतच ही पद्धत अमेरिकेच्या अनेक राज्यांत पसरली.

यंत्र कसे चालते

या यंत्राचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात घोट्यावरील पट्टा ठरावीक अंतरापर्यंत रेडिओ संदेश पाठवितो आणि घरात बसविलेली पेटी तो संदेश ग्रहण करते. आरोपी ठरलेल्या वेळी घरात आहे की नाही, एवढेच या पद्धतीने कळते. तो बाहेर कोठे गेला हे कळत नाही. रात्री घरातच राहण्याची अट घातली असेल, तर हा प्रकार पुरेसा असतो.

दुसऱ्या प्रकारात पट्ट्यातील यंत्र उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून आपले स्थान ठरविते आणि मोबाइलच्या जाळ्यातून ते देखरेख केंद्राला कळविते. याला जीपीएस देखरेख म्हणतात. यात आरोपीच्या दिवसभराच्या हालचालींचा नकाशाच तयार होतो. विशिष्ट क्षेत्रात, उदाहरणार्थ फिर्यादीच्या घराजवळ, त्याने जाऊ नये अशी सीमाही आखता येते. तो त्या सीमेत शिरला की केंद्रात इशारा वाजतो. पट्टा कापण्याचा किंवा ताणण्याचा प्रयत्न झाला, तर तेही कळते.

हे सर्व ऐकावयास सोपे वाटते. परंतु यंत्राच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. यंत्रातील बॅटरी रोज भारित करावी लागते. जाड भिंतींच्या इमारतीत, तळघरात किंवा दाट वस्तीत उपग्रहाचा संदेश नीट मिळत नाही आणि घरात बसलेला माणूस नकाशावर रस्त्यापलीकडे दिसू लागतो. मोबाइलचे जाळे नसेल तेथे यंत्र मुके होते. अशा वेळी केंद्रात वाजणारा इशारा खरा की खोटा, हे ठरवावयास माणूसच लागतो. यंत्र स्वतः कोणालाही अडवीत नाही. ते फक्त कळविते. कळविल्यानंतर तातडीने पोचणारा कर्मचारी नसेल, तर महागडे यंत्र आणि साधी वही यांत फारसा फरक उरत नाही.

इतर देशांचा अनुभव

इंग्लंडमध्ये १९८९ साली नॉटिंगहॅम, नॉर्थ टाइनसाइड आणि लंडनमधील टॉवर हॅम्लेट्स या तीन ठिकाणी जामिनाची अट म्हणून या यंत्राचा पहिला प्रयोग झाला. सुमारे पन्नास आरोपींना यंत्र लावण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ठरलेल्या वेळा मोडल्या किंवा त्यांच्यावर नवे आरोप आले. हा प्रारंभ निराशाजनक होता. तरीही पुढील दशकात हे साधन सुधारून तेथील कायद्यात स्थिर झाले. तेथील एक तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. ज्याने जामिनावर असताना दररोज किमान नऊ तासांची यंत्राच्या देखरेखीखालील संचारबंदी पाळली, त्याला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली, तर अशा दिवसांचे निम्मे दिवस शिक्षेतून वजा केले जातात. म्हणजे यंत्र लावून घरात राहणे हे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, अंशतः बंदिवासच होय, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरीस प्रांतात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खटल्यापूर्वीच्या कोठडीऐवजी हे यंत्र लावण्याची पद्धत सुरू झाली. कोणता आरोपी कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे योगायोगावर अवलंबून असे आणि काही न्यायाधीश यंत्राला अनुकूल, तर काही प्रतिकूल होते. त्यामुळे सारख्याच प्रकारच्या आरोपींपैकी काही कोठडीत गेले, तर काही यंत्रासह घरी राहिले. या परिस्थितीचा अभ्यास करून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे दाखविले की, तुरुंगातून बाहेर आलेल्यांपैकी शेकडा सुमारे २२ जणांना पुन्हा अटक झाली, तर यंत्राखाली राहिलेल्यांत हे प्रमाण शेकडा सुमारे १३ होते. तुरुंगातील संगत, तुटलेले कुटुंब आणि गेलेला रोजगार यांची किंमत समाजाला नंतर मोजावी लागते, असा याचा बोध आहे. मात्र त्याच प्रांतात यंत्राखाली असलेल्या एका आरोपीने भीषण हत्याकांड केल्यानंतर २००८ साली ही योजना थांबविण्यात आली. एका घटनेने सारी योजना कोसळू शकते, हाही त्यातील दुसरा बोध.

अमेरिकेत शिकागो शहर ज्या कुक काउंटीत आहे, तेथे तुरुंगातील गर्दी कमी करण्यासाठी १९८९ पासून ही योजना राबविली गेली. इलिनॉय राज्याने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांच्या जामिनाची पद्धतच संपूर्णपणे रद्द केली. यंत्र लावून घरात ठेवलेल्या आरोपीला आठवड्यातून किमान दोन दिवस बाजारहाट, औषधोपचार, नोकरीचा शोध अशा कामांसाठी बाहेर पडण्याची मुभा असावी, असा नियमही त्या राज्याच्या कायद्यात घालण्यात आला. अशी मुभा कायद्याने देण्याची वेळ यावी, यावरून आधीची स्थिती किती कठीण असावी, याची कल्पना येते. अमेरिकेतील अनेक भागांत यंत्राचे दैनिक भाडेही आरोपीकडूनच घेतले जाते. पैसे नाहीत म्हणून जामीन नाही, या जुन्या अन्यायाच्या जागी पैसे नाहीत म्हणून यंत्र नाही, हा नवा अन्याय उभा राहू शकतो.

युरोप परिषदेने २०१४ साली आपल्या सदस्य देशांना केलेल्या शिफारशीत अशा देखरेखीसाठी कायद्याचा स्पष्ट आधार असावा, ती आवश्यक तेवढीच असावी आणि जे अन्यथा साध्या अटींवर सुटले असते त्यांच्यावर ती लादली जाऊ नये, या बाबींवर भर दिला. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. यंत्र हे तुरुंगाला पर्याय म्हणून आणले जाते. परंतु ते हाताशी आले की सहज सुटणाऱ्यालाही लावण्याचा मोह होतो. मग तुरुंगातील गर्दी तेवढीच राहते आणि देखरेखीखालील माणसांची संख्या मात्र वाढते.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात या विषयाचा गंभीर विचार विधी आयोगाने मे २०१७ मध्ये सादर केलेल्या २६८ व्या अहवालात केला. या साधनाचा घटनात्मक हक्कांवर खोल परिणाम होत असल्याने ते अत्यंत सावधगिरीने आणि गंभीर गुन्ह्यांतील, पूर्वी तशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या आरोपींपुरतेच वापरावे, असा त्या अहवालाचा रोख होता. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. त्यानंतर कोणाच्याही हालचालींवर राज्यसंस्थेने नजर ठेवावयाची, तर तिला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्यांना उतरावे लागते.

२०२३ साली केंद्र शासनाने आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमाचा मसुदा राज्यांकडे पाठविला. बंदिवानाने मागोवा घेणारे यंत्र बाळगण्याची तयारी दर्शविल्यास त्याला रजा देता येईल, अशी त्यात तरतूद आहे. कारागृह हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे या मसुद्याचा स्वीकार करणे राज्यांच्या हाती आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादविषयक गुन्ह्यातील जामिनावरील आरोपीच्या घोट्याला जीपीएस यंत्र लावले. देशातील हा पहिला प्रसंग होता.

घोट्यावरील यंत्राखेरीज आणखी एक मार्ग या काळात रूढ होऊ लागला, तो म्हणजे आरोपीचा मोबाइल. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रातील एका बहुचर्चित प्रकरणात दोन आरोपींना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानेच त्यांच्या मोबाइलचे स्थान चोवीस तास चालू ठेवण्याची आणि तो तपास अधिकाऱ्याच्या मोबाइलशी जोडण्याची अट घातली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने एका नायजेरियन नागरिकाला जामीन देताना गुगल नकाशावर आपल्या स्थानाची खूण टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसत राहील अशी व्यवस्था करण्याची अट घातली. तो २०१४ पासून अमली पदार्थविषयक गुन्ह्यात अटकेत होता आणि त्याला २०२२ साली जामीन मिळाला होता. तो देश सोडून जाणार नाही, असे प्रमाणपत्र त्याच्या दूतावासाकडून आणण्याचीही अट होती.

हे प्रकरण, फ्रँक व्हिटस विरुद्ध अमली पदार्थ नियंत्रण विभाग, सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयाँ यांच्या पीठाने दोन्ही अटी रद्द केल्या. नकाशावरील खुणेमुळे माणसाच्या प्रत्यक्ष हालचाली सतत कळत नाहीत, असे गुगल कंपनीने न्यायालयाला सांगितले होते. म्हणजे मुळात ती अट निरुपयोगीच होती. परंतु न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. जामिनावर सुटलेल्या आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत लक्ष ठेवता येईल अशी कोणतीही अट अनुच्छेद २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, मग ती कोणत्याही तंत्राने घातलेली असो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आरोपी हा दोषी ठरलेला नाही. अटी घालण्याचा हेतू त्याने न्यायालयात हजर राहावे आणि तपासात व खटल्यात अडथळा आणू नये एवढाच आहे. अशा देखरेखीने सुटका ही एक प्रकारची कैदच ठरेल, हा त्यामागील विचार होता. दूतावासाचे प्रमाणपत्र आणणे आरोपीच्या हातात नाही. म्हणून जे त्याच्या हातात नाही त्यावर त्याचे स्वातंत्र्य अवलंबून ठेवता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. मोतीरामच्या भावाचा जामीन नाकारण्यामागील तर्क आणि हा तर्क यांतील साम्य जाणकारांच्या ध्यानी येईल.

निकालाचा अर्थ

या निकालाने आरोपीच्या सतत मागोव्याला अटकाव केला आहे. परंतु एक प्रश्न विचारवंतांना सतावीत राहतो. ज्याला यंत्राविना जामीन मिळालाच नसता, त्याच्या दृष्टीने यंत्र हे बंधन की मोकळीक? चार भिंतींच्या आड वर्ष काढण्यापेक्षा पायात पट्टा बांधून स्वतःच्या घरी, मुलाबाळांत राहणे कोणीही पत्करील. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्यातच धोकाही आहे. तुरुंगाशी तुलना केली की प्रत्येक अट सौम्यच वाटते. तुलना तुरुंगाशी नव्हे, तर निर्दोष मानल्या गेलेल्या नागरिकाच्या स्वातंत्र्याशी केली पाहिजे. प्रथम प्रश्न असा विचारावा की, या माणसाला साध्या अटींवर का सोडता येत नाही? पोलीस ठाण्यात ठरावीक दिवशी हजेरी, पारपत्र जमा करणे, विशिष्ट भागात न जाण्याची हमी, स्थानिक जामीनदार, या अटी अपुऱ्या का आहेत? याचे उत्तर लेखी व विशिष्ट कारणांसह मिळाल्यानंतरच पुढच्या पायरीचा विचार करता येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणात पीडित स्त्रीला आरोपी आपल्या दारापर्यंत येईल ही भीती सतत वाटते. तिच्या स्वातंत्र्याचाही विचार न्यायाला करावा लागतो. तिच्या घराभोवतीच्या मर्यादित क्षेत्रात आरोपी शिरला तरच इशारा देणारी व्यवस्था आणि त्याच्या प्रत्येक पावलाची नोंद ठेवणारी व्यवस्था, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढेमागे संसदेने या विषयावर कायदा करावयाचे ठरविले, तर हा भेद त्याच्या मुळाशी असावा लागेल.

ग्रामीण वास्तव

शहरात जे साधन चालेल ते खेड्यात तसेच चालेल, असे मानणे चुकीचे ठरेल. गडचिरोलीच्या जंगलात, मेळघाटात किंवा नंदुरबारच्या अक्राणी भागात अनेक पाड्यांवर मोबाइलचे जाळे अखंड मिळत नाही. वीजपुरवठा खंडित झाला, यंत्राची बॅटरी उतरली आणि इशारा वाजला, तर अटीचा भंग कोणी केला? आरोपीने की व्यवस्थेने? बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दर हंगामात काही महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात फडावर राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याला गावातील घर न सोडण्याची अट घातली, तर ती अट त्याच्या भाकरीवरच येते. पायातील पट्टा लोकांना दिसतो, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. न्यायालयाने दोषी ठरविण्यापूर्वीच गाव त्याला दोषी ठरविते, त्याच्या मुलांना शाळेत बोल लागतात आणि निर्दोष सुटल्यानंतरही तो डाग पुसला जात नाही.

सध्या उपलब्ध असलेले मार्ग

यंत्राची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. तुरुंगातील गर्दी कमी करणारे अनेक मार्ग कायद्यात आजच आहेत. ते लोकांपर्यंत पोचत नाहीत, ही खरी अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ अन्वये आरोपीने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला असल्यास, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने एक तृतीयांश काळ काढला असल्यास, त्याच्या सुटकेची तरतूद आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. ही मुदत पूर्ण होताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकलेली आहे. ही तरतूद जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीला एक आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर ती निर्धन असल्याचे गृहीत धरून तिला जातमुचलक्यावर सोडावे, असा नियम आहे. जामिनाचा हुकूम झाल्यानंतर महिनाभरात हमी देता आली नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. २०२३ पासून केंद्र शासनाच्या योजनेखाली गरीब कच्च्या कैद्याला जामिनासाठी आर्थिक साह्य मिळू शकते. कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आपले कर्तव्य

या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. गावातील कोणी अटकेत असेल, तर त्याच्या कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता देणे, रहिवासाचा दाखला विलंब न लावता देणे, जामीनदार होऊ इच्छिणाऱ्यास सातबारा आणि ऐपतीचा दाखला मिळवून देण्यास साह्य करणे, ही पंचायत सदस्यांची व महसूल कर्मचाऱ्यांची साधी कामे आहेत. एक दाखला दोन आठवडे उशिरा मिळाला, तर एक माणूस दोन आठवडे अधिक तुरुंगात राहतो, हे दाखला देणाऱ्याने स्मरणात ठेवावे. माणूस जामिनावर गावी परतला, तर त्याला न्यायालयाच्या तारखांची आठवण करून देणे हेही मोठे काम आहे. कित्येकदा आरोपी पळून गेलेला नसतो, त्याला तारीख समजलेली नसते किंवा तालुक्याला जावयास भाडे नसते. यंत्र जे काम हजारो रुपये खर्चून करील, ते गावातील एखादा जबाबदार माणूस आठवणीने करू शकतो.

शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हा विषय अवश्य घ्यावा. आरोपी आणि गुन्हेगार या शब्दांतील फरक, अटक आणि शिक्षा यांतील फरक, खासगीपणाचा हक्क म्हणजे काय, असे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. मोतीराम गवंड्याची हकीकत सांगून, त्या ठिकाणी तुम्ही न्यायाधीश असता तर काय केले असते, असे विचारावे. ज्या पिढीचे दैनंदिन जीवन मोबाइलशी बांधले गेले आहे, तिला कोणी आपल्यावर सतत नजर ठेवणे म्हणजे काय, हे लवकर उमजेल.

विज्ञानाने दिलेले कोणतेही साधन स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. श्विट्झगेबेल बंधूंनी शाबासकीसाठी बनविलेले यंत्र पुढे बेडीसारखे वापरले गेले. उद्या कदाचित तेच तुरुंगाचे दार उघडण्यासही उपयोगी पडेल. परंतु त्यापूर्वी संसदेने केलेला स्पष्ट कायदा, प्रत्येक प्रकरणातील लेखी कारणे, ठरावीक मुदत, गोळा झालेली माहिती वेळेवर नष्ट करण्याची व्यवस्था आणि यंत्राचा खर्च आरोपीवर न टाकण्याचे बंधन, या गोष्टी आधी व्हावयास हव्यात. ज्याचा दोष सिद्ध झालेला नाही, त्याचे स्वातंत्र्य हे आपणा सर्वांचे स्वातंत्र्य आहे. तुरुंगाच्या भिंती उंच आहेत की पायातला पट्टा हलका आहे, यापेक्षा आपण त्या माणसाकडे नागरिक म्हणून पाहतो की नाही, यावरच न्यायाची खरी परीक्षा होत असते.